थांबलं की गरम

सर्वप्रथम एक अत्यंत गंभीर निवेदन. हे प्रकरण लिहायला बसण्यापूर्वी मी हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला, फोन बंद केला आणि घरात जाहीर केलं की पुढचे दोन तास मला कोणी मेथी निवडायला बोलावू नये, कारण मी आमच्या घराण्याच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या संकटाची नोंद करणार आहे. तशी आमच्याकडे संकटांना तोटा नव्हता. घरात पाणी शिरलं, पत्रे उडाले, एका काकांनी एकाच वर्षात दोनदा साखरपुडा केला. पण या संकटापुढे ती सगळी किरकोळ. संकट असं होतं की, आमची गाडी पळत असली की एसी बर्फासारखा वारा द्यायचा आणि गाडी थांबली की गरम. हसू नका. माझे बाबा घरी राहणार की पुन्हा ट्रकवर जाणार, हे त्या गरम वाऱ्यावर ठरायचं होतं.

आम्ही तेव्हा नाशिकच्या इंदिरानगरमध्ये तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचो. दारापुढे इतकी जवळ गाडी उभी असायची की घरातून बाहेर पडताना पोट आत ओढून आडवं व्हावं लागे. पांढरी, सेकंडहँड, मागच्या सीटला आधीच्या मालकाच्या तपकिरीचा वास असलेली ती गाडी बाबांनी भाड्याने चालवायला घेतली, तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्याआधीच्या सतरा वर्षांत बाबा हा माणूस मला तुकड्यातुकड्याने भेटला होता. ट्रक घेऊन कलकत्त्याला जायचे, वीसबावीस दिवसांनी यायचे, दोन दिवस झोपायचे आणि परत जायचे. त्यांचा चेहरा मला उशीवर आडवाच जास्त आठवतो. गाडी आली आणि बाबा उभे झाले. रोज संध्याकाळी घरी जेवायला लागले. बशीतला चहा ते असा ओढायचे की शेजारच्या घरातही वेळ कळायची. भाकरी मोडताना गाणं म्हणायचे, चुकीच्या चालीत आणि त्याहून चुकीच्या शब्दांत. मला वाटायचं, हेच ते सुख. आजही वाटतं.

आई मूळची पेठकडची. डोंगरातल्या गावातून नाशकात आली ती नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ घेऊन, आणि शेवटपर्यंत तिने दोन्ही सोडलं नाही. सातपूरला मोटारी रिवाइंड करण्याच्या एका छोट्या कारखान्यात ती झाडलोट करायला लागली होती. एकदा वाइंडिंग करणारा माणूस आला नाही, तेव्हा हिने झाडू भिंतीला टेकवला आणि त्याच्या जागी बसली. तो परत आला तेव्हा त्याला दुसरी खुर्ची शोधावी लागली. पाण्याच्या मोटारी, ब्लोअर, पंखे, सगळ्यांची तांब्याची तार ती नव्याने भरायची. सुट्टीच्या दिवशी दोनचार पंखे घरीही आणायची. मग घरभर एकच आवाज: हाताने फिरवायच्या यंत्राची किरकिर आणि आईचं पुटपुटणं, "एकशे बारा, एकशे तेरा, एकशे चौदा." मध्ये कोणी बोललं की मोजणी चुके आणि सगळी तार उलगडावी लागे. म्हणून कोणी काही विचारलं की ती फक्त एक बोट वर करायची. थांबा. एकदा बाबा बावीस दिवसांनी कलकत्त्याहून आले, खांद्यावर पिशवी घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आलो बरं का." आईने बोट वर केलं. दोनशे चाळीस वेढे पुरे होईपर्यंत तो धिप्पाड माणूस उंबऱ्यावर चप्पल न काढता उभा होता. मग आई हसली आणि म्हणाली, "या." असा मान मी पुढे कुठल्या मंत्र्याच्या बायकोचाही पाहिला नाही.

पंखा जोडून झाला की तिचा एक विधी असायचा. खिळ्याला अडकवलेला वीतभर पांढरा सुती दोरा ती काढायची, फिरत्या पंख्यापुढे धरायची, मग मागे धरायची, आणि मान डोलवून पंखा बाजूला ठेवायची. मला वाटायचं, ही पेठकडची काहीतरी दृष्ट काढायची पद्धत. विचारलं नाही. सतरा वर्षांच्या मुलीला आईकडून काही शिकायचं असतं हे तिला सत्ताविसाव्या वर्षी कळतं. एक गोष्ट मात्र तिने मला सक्तीने शिकवली होती, वायर जोडायची. साल सोलायची, तीन पीळ द्यायचे, आणि पिळाचं शेपूट मागे दुमडून दाबायचं. मग टेप. "शेपूट सरळ ठेवलं तर ते टेप फाडून बाहेर येतं आणि चावतं," ती म्हणायची. असा दुमडलेला जोड माझ्या माहितीत नाशकात दोनच माणसं मारायची. एक ती, दुसरी मी.

आता मी गुन्ह्याच्या दिवसाकडे येते. खंडेनवमीला आमच्याकडे विळी, पक्कड, वाइंडिंगचं यंत्र, सगळ्याची पूजा असते. गाडीची ती घरातली पहिलीच खंडेनवमी. बाबांचं म्हणणं पडलं की नुसतं बॉनेटला हळदकुंकू लावणं म्हणजे माणसाच्या टोपीला ओवाळणं. गाडीच्या पोटातल्या अवयवांनाही मान मिळाला पाहिजे. त्यांनी जे जे निघेल ते ते काढलं. त्यात गाडीच्या तोंडाशी असलेल्या एसीच्या जाळीमागचा पंखाही काढला. मी तो शिकेकाईने धुतला. खरंच सांगते, शिकेकाईने. प्रत्येक पात्याला हळदकुंकू लावलं. त्याचा मूळचा प्लग कधीच तुटलेला होता, दोन वायरी टेपने जोडलेल्या होत्या, आणि धूळतेलाने दोन्ही सारख्याच काळ्या झालेल्या. बाबांना झेंडूच्या माळा आणायची घाई. जाता जाता म्हणाले, "वैजे, तेवढा पंखा लाव. तू काय, आईची पोरगी." मी लावला. पीळ दिला, शेपूट दुमडलं, टेप मारली. बाबा आल्यावर एसी चालू करून बघितला, पंखा गरागरा फिरला, आणि बाबांनी हातात माळ घेऊन गल्लीत जाहीर केलं, "पंखा माझ्या पोरीने बसवला! इंजिनीअर हाय माझी पोरगी!" समोरच्या काकूंनी मला पेढा दिला. तो मी खाल्ला. त्या पेढ्याचं काय करायचं ते देव बघून घेईल.

दसऱ्याला आम्ही वणीला जाऊन आलो. जाताना रस्ता मोकळा, आत थंडगार, आईने पदर अंगाभोवती घट्ट घेतलेला, बाबा गात होते. परत येताना गावात शिरल्यावर गर्दीत अडकलो आणि डॅशबोर्डवरच्या एसीच्या झरोक्यातून भट्टीसारखा वारा आला. गाडी हलली की पुन्हा गार. थांबली की पुन्हा गरम. वर दसऱ्याच्या दिवसांतलं नाशिकचं ते कोरडं, टोचणारं ऊन. बाबांचं गाणं बंद पडलं. कारण नेमकं त्याच आठवड्यात सातपूरच्या एका मोठ्या कारखान्याने त्यांना विचारलं होतं. बाहेरून एक साहेब येणार, कायमचे इथे राहणार, त्यांना रोज नेण्याआणण्यासाठी गाडी हवी. शनिवारी एक दिवस गाडी बघणार, पसंत पडली तर कायमची लावणार. साहेबांना उकाडा अजिबात सोसत नाही, आणि त्यांना मराठीचं एक अक्षर येत नाही, असं तिथल्या क्लार्कने दोनदा सांगितलं. बाबांना दुसरं बांधलेलं काम नव्हतं. जुन्या ट्रकमालकाचा निरोप येऊन पडला होता, दिवाळीनंतर कलकत्ता लाइन आहे, येतोस का? बाबांनी त्याला "शनिवारनंतर सांगतो" असं कळवलं. तो निरोप मी ऐकला आणि त्या रात्री माझ्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

आमच्या गल्लीत बॉनेट उघडलं की डॉक्टर जमतात. एकाने गॅस कमी असल्याचं सांगितलं, दुसऱ्याने नजर लागल्याचं. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "फॅन फिरतोय ना?" आणि त्याचं उत्तर द्यायला मी छाती काढून पुढे, "फिरतोय की! गरागरा!" शेवटी बाबांनी वडाळा नाक्यावरच्या रफिकभाईंना आणलं. रफिकभाई बाबांचे ट्रकच्या दिवसांपासूनचे मित्र. ईदला त्यांच्याकडचा शीरखुर्मा आमच्याकडे डबा भरून यायचा आणि तो डबा आई कधी रिकामा परत पाठवायची नाही. त्यांनी एसीच्या नळ्यांना दाब मोजायची दोन घड्याळं जोडली, गाडी उभी ठेवून काटा बघत बसले. काटा चढत गेला. "समोरची जाळी गरमी बाहेर टाकत नाहीये," ते म्हणाले. फॅनला हात लावून बघितला, फिरत होता. जाळीवर पाण्याचा फवारा मारला आणि काय आश्चर्य, एसी गार! आम्ही टाळ्या वाजवल्या. जाळी सुकली आणि पुन्हा गरम. रफिकभाईंनी घड्याळं सोडवली. "भाऊ, मला वाटतं कॉम्प्रेसर थकला. पळताना जोर येतो, उभा राहिला की दम लागतो. नवीनच टाकावा लागेल." नवीन कॉम्प्रेसर आणि आम्ही यांच्यामध्ये तेवढंच अंतर होतं जेवढं आम्ही आणि चंद्र यांच्यामध्ये.

त्या संध्याकाळी आईने भाकरी थापता थापता विचारलं, "पाणी मारलं तर गार झाली?"

"झाली," बाबा म्हणाले.

"आन् पळाली तरी गार?"

"हो."

"मग कॉम्प्रेसर कसा गेला? पाणी त्याला कुठं पाजलं? पाणी तर जाळीला पाजलं."

"अगं, ही तुझी विहिरीवरची मोटार नाय. गाडी हाय ती." बाबा असं कधी बोलायचे नाहीत. आईने पुढची भाकरी तव्यावर टाकली. पण तिचं बोट पिठात हळूहळू गोल फिरत होतं. ती मोजत होती.

आणखी एक गोष्ट राहिली, ती म्हणजे बाबांचा खोकला. रोज सकाळी बाबा गाडीला उदबत्ती ओवाळायचे. पूर्वी बंद गाडीला ओवाळत. एसीचं हे दुखणं सुरू झाल्यापासून मात्र आधी इंजिन सुरू करायचे, एसी लावायचे, देवाने कौल दिला का ते झरोक्यात हात धरून बघायचे, आणि मग चालू गाडीच्या तोंडापुढे उदबत्ती धरायचे. आणि खोकायचे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांचा आरोप उदबत्तीवाल्यावर होता. आठ दिवसांत त्यांनी मोगरा सोडून चंदन आणलं, चंदन सोडून केवडा आणला. खोकला काही कोणत्या फुलाला बधला नाही. आई हे काही बघायची नाही, कारण ती सहाच्या बसने सातपूरला जायची. पण शनिवारी तिच्या कारखान्याला सुट्टी असे.

त्या शनिवारी आई चहाचा कप घेऊन उंबऱ्यावर बसली होती. साडेसात वाजले होते. साडेनऊला नाशिकरोडच्या हॉटेलातून साहेबांना घ्यायचं होतं. बाबा नवा पांढरा शर्ट घालून, केवड्याची उदबत्ती हातात घेऊन, चालू गाडीपुढे उभे होते आणि मनापासून खोकत होते. आईने कप खाली ठेवला.

"परत धरा," ती म्हणाली.

"काय?"

"उदबत्ती. जाळीपाशी. ओवाळू नका, नुसती धरा."

बाबांनी धरली. धूर जाळीतून निघाल्यासारखा सरळ पुढे आला आणि थेट बाबांच्या मिशीत शिरला. आई आत गेली, खिळ्यावरचा दोरा घेऊन आली आणि जाळीपुढे धरला. दोऱ्याचं टोक उडालं ते आईकडे. बाहेरच्या दिशेने. आई हसली. मोठ्याने हसण्याची तिची सवय नव्हती, म्हणून तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"पंखा फिरतोय," ती म्हणाली, "पण उलटा फिरतोय. वायरी उलट्या जोडल्या की असंच होतं. जाळीतून वारा आत ओढायचा, तर हा इंजिनची गरमी बाहेर फेकतोय, जाळीच्याच अंगावर. गाडी पळते तेव्हा रस्त्याचा वारा याचं ऐकत नाही, दाबून आत शिरतो. गाडी थांबली की मग हाच मालक. तुम्ही सगळ्यांनी विचारलं, फिरतोय का. वारा कुठं जातोय ते कुणी विचारलं नाय."

बाबा उदबत्ती धरून तसेच उभे. राख त्यांच्या नव्या शर्टावर पडली, तरी त्यांना कळलं नाही. आईने गाडी बंद करायला लावली, पदर खोचला, खालून हात घालून त्या दोन वायरी ओढून काढल्या आणि टेप सोलली. आणि थांबली. जोड तिच्या अंगठ्यावर होता. तीन पीळ, शेपूट मागे दुमडलेलं. तिने तो माझ्यासमोर धरला, सुईत दोरा ओवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. मी गाडीच्या चाकाकडे बघायला लागले.

"रफिक!" बाबा एकदम कडाडले. "त्यानेच फॅनला हात लावला होता! उलट्या जोडल्या त्याने! वीस वर्षांची ओळख आन् असलं काम?" दुखणं आधी आलं होतं आणि डॉक्टर नंतर, हे रागाच्या भरात त्यांच्या लक्षातच आलं नाही. आईने वायरींची अदलाबदल केली, पीळ दिला, शेपूट दुमडलं, टेप मारली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ज्याचं त्यानं सांगावं." बाबांना वाटलं ती रफिकभाईंबद्दल बोलतेय. गाडी सुरू केली. या वेळी उदबत्तीचा धूर जाळीत असा शिरला की जणू आतून कोणी पीत होतं. दहा मिनिटं गाडी जागच्या जागी उभी ठेवली. आईने झरोक्यापुढे तळहात धरला, मग तो गार हात माझ्या गालाला लावला. त्याहून मोठी शिक्षा तिने मला आयुष्यात केली नाही.

साहेबांशी इंग्रजी बोलायला म्हणून बाबांनी मला पुढच्या सीटवर बसवलं होतं. माझं इंग्रजी म्हणजे बारावीच्या गाइडातलं. साहेब उंच, गोरे, कपाळावर घामाचे थेंब, हातात कागदांची चळत. मागे बसले, एकदा "गुड मॉर्निंग" म्हणाले आणि कागदांत बुडाले. बाबांनी एसीचा ब्लोअर चारवर टाकला. तो चारवर गेला की गाडीत पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटायचं. द्वारका चौकापर्यंत पळतच आलो आणि तिथे, जसं व्हायचं तसंच झालं. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेला टेम्पो चौकाच्या मधोमध बंद पडलेला, त्याच्या मागे ट्रक, ट्रकच्या मागे बस, बसच्या मागे आम्ही. बाहेर ऊन तापलेलं, दुचाकीवाले रुमालाने तोंड पुसत होते. बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर गच्च. एक मिनिट. दोन. पाच. मी झरोक्याकडे बघत होते, परीक्षेचा निकाल लागतो त्या फळ्याकडे बघावं तशी. गार. सात मिनिटं झाली. गार. साहेबांनी डोकं वर केलं, इंग्रजीत म्हणाले की एसी छान आहे, नवीन आहे का?

मी बाबांना सांगितलं. बाबांचा चेहरा असा फुलला की तो उभा की आडवा तेही कळेना. "सांग साहेबांना," ते म्हणाले, "एसी जुनाच हाय, पण एकदम ठणठणीत. मेकॅनिकने वायरी उलट्या जोडल्या होत्या, माझ्या बायकोने आज सकाळी एका उदबत्तीवर पकडलं. आन् त्या रफिकला तर मी आज संध्याकाळी गॅरेजसमोर, चार लोकांत..." त्यांचा आवाज चढत गेला. माझ्या डोळ्यांपुढे शीरखुर्म्याचा डबा आला. आईचा अंगठा आला, त्यावरचं दुमडलेलं शेपूट आलं. साहेब उत्तराची वाट बघत होते. मला इंग्रजी एकही शब्द आठवेना, आणि मराठी सगळे एकदम आठवले.

आज माझी स्वतःची गाडी आहे. तिच्या पडद्यावर आतलं तापमान आकड्यात दिसतं, बिघाड झाला की पोरं संगणक जोडून शोधतात, आणि तरीही प्रत्येक सिग्नलला मी झरोक्यापुढे हात धरते. माझा नवरा म्हणतो, तुला आजार आहे. आहेच. तुमची उत्सुकता ताणायची माझी इच्छा नाही, म्हणून आत्ताच सांगून टाकते: ती गाडी लागली, आणि त्यानंतर अकरा वर्षं बाबा रोज संध्याकाळी घरी जेवले. रफिकभाईंना माझी करणी कळली तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला, आणि पुढे अडलेला फॅन आला की आईला बोलावणं पाठवायला लागले. तीही दोरा घेऊन जायची. पण हे सगळं ठरलं ते द्वारकेला, त्या आठव्या मिनिटाला.

"बाबा," मी म्हणाले, "रफिकभाईंनी नाही. मी. खंडेनवमीला पंखा मी बसवला ना, तेव्हाच वायरी उलट्या जोडल्या. आईला जोड बघून कळलं. ती बोलली नाही. तिने माझ्यावर सोडलं."

बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मागे हॉर्न वाजत होते, पुढचा टेम्पो अजून हलत नव्हता, ब्लोअर घोंगावत होता. बाबांच्या शर्टावर अजून केवड्याची राख होती.  "म्हणजे गल्लीतल्या एवढ्या लोकांना मी सांगत सुटलो, माझी पोरगी इंजिनीअर..." आणि त्यांच्या आवाजात राग होता की हसू, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही, कारण तेवढ्यात मागून कागद खाली पडल्याचा आवाज आला. मराठीचं एक अक्षर न येणारे साहेब दोन्ही सीटच्या मधून डोकं पुढे काढून बसले होते. त्यांचं सगळं बालपण सोलापूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं होतं, ते आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. ज्या गार वाऱ्यासाठी आम्ही आठ दिवस जीव टाकला, त्याच्याकडे रागाने हात करत साहेब ओरडले, "ओ ड्रायव्हर, ते एसी बंद करा की जरा! पोरगी काय बोलायलीय, ऐकूच येईना!"